कागदाचे झाड : बालवाडीतील एका हस्तव्यवसायाचा इतिहास



ज्यांनी आपले आयुष्य लहान मुलांच्या सहवासात वेचले, अशा एका शिक्षिकेच्या स्मरणार्थ भरणाऱ्या या सभेत बालवाडीच्या भिंतीवर लावलेल्या हिरव्या कागदाच्या झाडाविषयी बोलावे, हे काहींना प्रसंगाच्या मानाने किरकोळ वाटण्याचा संभव आहे. स्मृतिव्याख्यानातून राष्ट्र, संस्कृती, शिक्षणाचे ध्येय अशा भारदस्त विषयांची अपेक्षा असते. परंतु बालशिक्षणाचा इतिहास आयोगांच्या अहवालांत जितका सापडतो, तितकाच तो कात्री, खळ आणि रंगीत कागद यांच्यातही सापडतो. म्हणून आज तीन ते सहा वर्षांच्या मुलांकडून डिसेंबर महिन्यात करून घेतल्या जाणाऱ्या नाताळच्या झाडाचे कुळ आणि मूळ शोधण्याचे मी योजिले आहे.

विषयाचे निमित्त आपल्या दाराशीच आहे. विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचा हा दिलसुखनगरचा परिसर शिकवणीवर्गांसाठी आणि पुस्तकांच्या दुकानांसाठी साऱ्या हैदराबादेत प्रसिद्ध आहे. २०१८ साली मेट्रो आल्यापासून येथली वर्दळ आणखी वाढली. डिसेंबर उजाडला की येथील दुकानांत प्लास्टिकची झाडे, चकचकीत गोळे आणि चांदण्या टांगल्या जातात, आणि गल्लोगल्लीच्या बालवाड्यांत ‘झाड करून आणा’ अशी सूचना घरी येते. मुलाचे वय चार वर्षांचे असते. झाड मात्र असे असते की ते चार वर्षांच्या हातून होणे शक्य नाही. आई रात्री बारापर्यंत जागून ते पुरे करते आणि सकाळी मूल ते हातात धरून छायाचित्रासाठी उभे राहते. त्याच वेळी काही पालकांच्या मनात दुसरीच शंका असते : आपल्या मुलांनी हे परक्या सणाचे झाड का करावे?

वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला हाताचा आहे, दुसरा संस्कृतीचा. इतिहास पाहिला म्हणजे दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, असे मला वाटते.

१. झाडाचे कुळ

बायबलमधील येशूजन्माच्या कथेत गोठा आहे, गव्हाणी आहे, मेंढपाळ आणि तारा आहे. सजविलेले झाड नाही. मार्टिन ल्यूथरने चांदण्या रात्री बर्फातून जाताना पाहिलेल्या देवदारावरून पहिले झाड उजळले, ही कथा गोड असली तरी ती दंतकथाच होय. इतिहासाला ठाऊक असलेल्या जुन्या नोंदींपैकी एक प्रसिद्ध नोंद १६०५ सालची, ऱ्हाईन नदीकाठच्या स्ट्रासबुर्ग नगरातील आहे. तेथील लोक नाताळात दिवाणखान्यात देवदाराची लहान झाडे उभी करीत आणि त्यांवर रंगीबेरंगी कागदाची कापलेली गुलाबपुष्पे, सफरचंदे, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेच्या वस्तू टांगीत, असे एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे.

या नोंदीत आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागदाची फुले. जवळपास प्रत्येक वस्तू घरात सिद्ध झालेली किंवा घराच्या कोठारातील. नाताळचे झाड आरंभापासून हाताने सजविण्याची वस्तू होती, आणि ते देवळापेक्षा घरात अधिक वाढले.

जर्मन घरांतून ही प्रथा इंग्लंडच्या राजवाड्यात गेली. १८०० साली जर्मन वंशाच्या राणी शार्लटने विंडसर येथे मुलांसाठी झाड सजविले. परंतु ते सामान्य घरांपर्यंत पोचले ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात. १८४८ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने राणी, तिचा जर्मन पती आल्बर्ट आणि त्यांची मुले झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. दोनच वर्षांनी, १८५० साली, तेच चित्र थोडे फेरफार करून अमेरिकेतील एका स्त्रियांच्या मासिकात आले. एका चित्राने दोन खंडांतील मध्यमवर्गाला एक नवी रीत शिकविली. साम्राज्याबरोबर ती हिंदुस्थानातील छावण्यांतही आली, आणि १८०६ साली वसलेली सिकंदराबादची छावणी तर आपल्या शेजारचीच.

आपल्या कोकणपट्टीवर मात्र नाताळ त्याच्या कितीतरी आधी आलेला होता. ‘नाताळ’ हा शब्दच मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. गोव्यात आणि वसईत त्या सणाची मुख्य शोभा म्हणजे घरोघरी रचलेला गोठा आणि दारावर टांगलेला कागदी तारा. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि आत दिवा. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा हा सख्खा भाऊ. तेव्हा सणासाठी कागद कापणारा हात मराठी मुलाला कधीच परका नव्हता.

२. फ्रोबेलचा कागद

ही रीत शाळेत कशी शिरली, हे पाहण्यासाठी जर्मनीतील थुरिंजिया या डोंगराळ अरण्यप्रदेशात जावे लागते. तेथील ओबरवाइसबाख या गावी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रीडरिश फ्रोबेलचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, आई तो नऊ महिन्यांचा असतानाच वारली. पोरका, एकलकोंडा मुलगा रानात रमला. किशोरवयात त्याने वनरक्षकाकडे उमेदवारी केली. पुढे बर्लिनच्या संग्रहालयात स्फटिकांचा अभ्यास केला. झाडाची वाढ आणि स्फटिकाची नियमबद्ध रचना, या दोन गोष्टींनी त्याच्या शिक्षणविचाराला आकार दिला. मूल रोपासारखे आतून वाढते, आणि त्या वाढीला साध्या, नियमबद्ध आकारांचा आधार हवा, असे त्याचे मत होते.

१८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. आपल्याकडच्या जुन्या शिक्षकवर्गाने त्याचे ‘बालोद्यान’ असे सुंदर भाषांतर केले. फ्रोबेलने मुलांच्या हाती दोन प्रकारचे साहित्य दिले. पहिला प्रकार ‘देणग्यां’चा : लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल, आठ तुकड्यांत विभागलेला घन, असा तो क्रम होता. दुसरा ‘हस्तव्यवसायां’चा : कागद घडी घालणे, कापणे, पट्ट्या विणणे, टोचणे, मातीकाम. देणगी वापरून पुन्हा पेटीत ठेवायची. हस्तव्यवसायात मात्र वस्तूचे रूप कायमचे पालटते. घडी घातलेल्या कागदावर मोड राहते. मुलाने जगात काहीतरी बदलले, याची ती खूण असते.

कागदाच्या एका चौकोनातून फ्रोबेल तीन प्रकारच्या आकृती काढवून घेई : जीवनातील वस्तूंच्या, सौंदर्याच्या आणि ज्ञानाच्या. चौकोन तिरपा दुमडला की त्रिकोण. तोच त्रिकोण घराचे छप्पर, तोच डोंगर, तोच देवदार. एका घडीत भूमिती, चित्र आणि गोष्ट तिन्ही सामावतात. आपल्या बालवाडीतील तीन हिरव्या त्रिकोणांचे झाड ज्या मातीत उगवले, ती ही होय.

फ्रोबेलच्या हयातीतच त्याच्या कार्यावर घाला आला. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनांवर बंदी घातली. निरीश्वरवाद आणि समाजवाद यांचा संशय हे कारण. त्यात त्याच्या पुतण्याच्या लेखनाचा दोष काकावर आला. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली. तोवर त्याच्या शिष्यांनी, विशेषतः शिष्यिणींनी, ही पद्धत देशोदेशी नेली होती. डेन्मार्क आणि नॉर्वेत दोन रंगांचे कागद एकमेकांत विणून केलेली हृदये नाताळच्या झाडावर टांगण्याची चाल रुजली. कथाकार हान्स क्रिस्टियन अँडरसनने १८६० च्या सुमारास केलेले असे एक हृदय आजही जपलेले आहे. चार पट्ट्यांतून घडणारा एक कागदी तारा जर्मनीत फ्रोबेलच्याच नावाने ओळखला जातो. १८७६ साली टोकियोत पहिले सरकारी बालोद्यान उघडले, तेव्हा जपानची स्वतःची कागद दुमडण्याची कला आणि फ्रोबेलचे पाठ एकत्र आले. हस्तव्यवसाय ज्या देशात गेला, तेथील सणाशी त्याने नाते जोडले.

३. एकाच डोंगरातील दोन बालपणे

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रोबेलच्या जन्मगावापासून फारशा दूर नसलेल्या, त्याच थुरिंजियाच्या डोंगरात लाउशा नावाचे गाव आहे. तेथे १५९७ पासून काचकाम चाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील कारागिरांनी नाताळच्या झाडासाठी काचेचे पोकळ गोळे फुंकण्यास आरंभ केला. १८६७ साली गावात गॅसचा कारखाना आला. ज्योत हवी तशी कमीजास्त करता येऊ लागली आणि गोळे अधिक पातळ व मोठे होऊ लागले. १८८० च्या दशकात वुलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने हे गोळे आपल्या स्वस्त मालाच्या दुकानांत ठेवले आणि लाउशाचा माल समुद्रापार हजारोंच्या घरी पोचला.

हे काम कारखान्यात होत नसे. ते घरोघरी होई. बाप काच फुंकी, आई आतून रुप्याचा मुलामा देई, आणि मुले रंगविणे, टोप्या बसविणे, खोक्यांत भरणे ही कामे करीत. नाताळ जवळ आला की काम वाढे. एका बाजूला फ्रोबेल सांगत होता की मुलाच्या हाताचे काम ही त्याची वाढ आहे. दुसऱ्या बाजूला त्याच डोंगरातील मुलांचे हात दुसऱ्याच्या घरचे झाड सजविण्यासाठी राबत होते. एकाच प्रदेशात, एकाच शतकात, एकाच सणाच्या निमित्ताने मुलांच्या बोटांना दोन निरनिराळे अर्थ आले.

हे मी कोणाला दूषण देण्यासाठी सांगत नाही. गरिबीत कुटुंबाने एकत्र राबणे ही जगभरची कहाणी आहे. परंतु त्यातून एक कसोटी हाती येते. मुलाच्या हातातील काम कोणासाठी चालले आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून ते शिक्षण आहे की नाही, हे ठरविता येत नाही. घरगुती कागदी गुलाबांचे झाड विकत आणलेल्या गोळ्यांचे झाले, तेव्हा झाडाची चकाकी वाढली. पण ते सजविण्यातील घरच्या मुलाचा वाटा कमी झाला.

४. मराठी भूमीवर

बालोद्यानाची ही पद्धत मराठी माणसापर्यंत येण्याच्या अनेक वाटा होत्या. त्यांतील एक ठळक वाट पंडिता रमाबाईंची. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेत व्याख्याने देत फिरत असतानाच त्यांनी बालोद्यानपद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. हिंदू विधवांना स्वावलंबी करावयाचे तर त्यांना सन्मानाचा व्यवसाय हवा, आणि लहान मुलांची शिक्षिका होणे हा असा व्यवसाय आहे, हे त्यांनी ओळखले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. फ्रोबेलचे चेंडू आणि कागद मराठी प्रदेशात आले, ते असे स्त्रियांच्या उद्धाराचे साधन होऊन. ही गोष्ट आपण सहसा विसरतो. बालवाडीच्या चळवळीमागे विधवेचे अश्रू आहेत. पुढे सोलापूरसारख्या गावी अमेरिकन मिशननेही बालोद्यान चालवून स्त्रियांना त्या कामाचे शिक्षण दिले.

दक्षिणेकडे याच काळात एक विलक्षण घटना घडली. मद्रास इलाख्यातील एक सरकारी अधिकारी टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागद दुमडून भूमितीचे सिद्धांत सिद्ध करणारा इंग्रजी ग्रंथ मद्रास येथे प्रसिद्ध केला. या ग्रंथाची कल्पना बालोद्यानाच्या आठव्या देणगीतील कागदाच्या घड्यांवरून सुचली, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ साली त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. जर्मनीतून आलेला बालखेळ हिंदी गणितज्ञाच्या हातून ज्ञान होऊन पुन्हा जर्मनीस पोचला. बाहेरची गोष्ट घेण्याची लाज वाटण्याचे कारण नसते. ती घेऊन आपण तिचे काय केले, यावर सारे अवलंबून असते.

मराठीत हे ‘काय केले’ याचे सर्वोत्तम उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दिले. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. ताराबाई तेथे जाऊन त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. दोघांचीही श्रद्धा मारिया माँटेसोरींवर होती. माँटेसोरीबाई स्वतः १९३९ साली मद्रासला आल्या आणि युद्धकाळ त्यांनी हिंदुस्थानातच काढला. परंतु त्यांच्या पद्धतीचे साहित्य, लाकडाचे रंगीत मनोरे, मोजून घडविलेल्या दांड्या, हे सारे महाग. शहरातील शाळेला ते परवडेल. खेड्यातील मुलाचे काय?

हा प्रश्न घेऊन ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. अनुताई त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. त्या महाग साहित्याची जागा शिंपल्यांनी, गारगोट्यांनी, चिंचोक्यांनी, पानांनी आणि मातीने घेतली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांसाठी, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी, त्यांनी कुरणशाळा चालविली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. परंतु त्यांचा खरा गौरव असा की ‘अंगणवाडी’ हा त्यांचा शब्द १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला. तेलुगू माताही आज तोच शब्द उच्चारतात.

कोसबाडची शिकवण एका वाक्यात सांगावयाची तर अशी : साहित्य स्थानिक असावे आणि हात मुलाचा असावा. नाताळचे कागदी झाड या दोन कसोट्यांना लावून पाहिले की आपल्या आरंभीच्या दोन्ही प्रश्नांची गाठ सुटू लागते.

५. हैदराबाद आणि फुलांचे झाड

आता आपल्या नगराकडे वळू. हैदराबादच्या मराठी समाजाला स्वभाषेतील शिक्षणासाठी स्वतःच धडपडावे लागले. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही त्याच माध्यमाचे. अशा काळात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या पिढीने विवेक वर्धिनीसारखी संस्था उभी केली. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथील मराठी माणूस आपल्याच जुन्या राजधानीत भाषिक अल्पसंख्य झाला. जो समाज स्वतः अल्पसंख्य आहे, त्याला शेजाऱ्याच्या सणाचे मोल अधिक कळावे, हे स्वाभाविकच.

आणि येथील भूमीजवळ स्वतःचे एक झाडच आहे. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तेलंगणात बतुकम्मा असते. भोपळ्याच्या पानांवर तंगेडू आणि गुनुगु यांची फुले थरावर थर रचून वर निमुळता होत जाणारा शंकू उभारतात. शिखरावर हळदीची गौरम्मा बसवितात. तंगेडू म्हणजे आपला तरवड, गुनुगु म्हणजे आपला कुर्डू. मराठवाड्याच्या बांधावर तीच फुले फुलतात. त्याआधी लहान मुली मातीची बोड्डेम्मा करून तिच्याभोवती फेर धरतात, जसा आपल्या मुली भोंडल्याला हत्तीभोवती धरतात. दिलसुखनगरच्या बायका आपली बतुकम्मा घेऊन शेजारच्या सरूरनगर तलावाकडे जातात, तेव्हा रस्त्याने जणू रंगीत शंकूंची रांगच चालते. २०१४ साली नव्या तेलंगण राज्याने हा राज्याचा सण ठरविला.

ऑक्टोबरात हा फुलांचा शंकू पाहिलेल्या मुलापुढे डिसेंबरात कागदाचा शंकू आला, तर ते दोहोंतील साम्य आपल्याआधी ओळखते. खाली मोठा थर, वर लहान, शेंड्यावर एक विशेष वस्तू. मोठ्याकडून लहानाकडे असा क्रम लावणे हीच तर बालशिक्षणातील आरंभीची गणिती कृती. माँटेसोरीचा मनोरा तीच शिकवितो. धर्म निराळे, ऋतू निराळे. मुलाच्या हाताला मात्र एकच ज्ञान होते.

याचा अर्थ सारे सण एकच आहेत असा सोपा निष्कर्ष काढू नये. ख्रिस्ती कुटुंबाला नाताळ हा श्रद्धेचा दिवस आहे. त्याला केवळ सजावटीचा विषय करणे हा त्या शेजाऱ्याचा अनादर होय. वर्गात ख्रिस्ती मूल असेल तर त्याच्या आजीला बोलवावे, तिच्या घरी नाताळ कसा होतो ते तिच्याच तोंडून मुलांना ऐकू द्यावे. मुलाला झाडाबरोबर झाडाचा धनीही भेटला पाहिजे.

६. वर्गात काय करावे

इतिहासाने व्यवहाराला काही सांगितले नाही तर तो वांझ ठरेल. म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो.

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती कात्री देण्याची घाई नको. त्याने कागद फाडावा. दोन्ही हातांची बोटे विरुद्ध दिशांना चालविणे हे त्या वयाचे मोठे काम आहे, आणि फाटलेल्या कागदाची ओबडधोबड कड सुरूच्या फांदीसारखी दिसते, ही वरची कमाई. मैद्याची खळ बोटाने लावून ते तुकडे चिकटवावेत. हिरव्या रंगात तळहात बुडवून ठसे उमटवावेत; खाली पाच, वर चार, मग तीन, दोन, एक. हे झाड सर्व वर्गाचे मिळून होते आणि त्यात प्रत्येकाचा हात अक्षरशः ओळखता येतो.

चार वर्षांच्या मुलाने चौकोन दुमडून त्रिकोण करावा; लहानमोठ्या कागदी पट्ट्या क्रमाने लावाव्यात. चुकला क्रम तर बाईंनी लगेच सुधारू नये. झाड उलटे का दिसते हे मूल स्वतःच थोड्या वेळाने पाहते. पाच वर्षांच्या मुलाने बोथट टोकाच्या कात्रीने आखलेल्या रेषेवर कापावे, दोन रंगांच्या पट्ट्या विणाव्यात, झाडावरची फळे मोजावीत आणि झाडाची गोष्ट सांगावी.

साहित्य बाजारातून आणण्याचे कारण नाही. वाळलेली पाने, चिंचोके, सीताफळाच्या बिया, शिंप्याकडील चिंध्या, लग्नपत्रिकांचे रंगीत पुठ्ठे हे सारे दिलसुखनगरात फुकट मिळते. थर्मोकोलचा मोह तर सोडावाच; सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. बिया मुले तोंडात वा नाकात घालतात, म्हणून त्या वेळी बाईंची नजर हवी, आणि तीन वर्षांच्या आतील मुलांना त्या देऊच नयेत.

आणि पालकांना विनंती आहे की घरी झाड पुरे करू नका. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला आणि कृतीला मध्यवर्ती स्थान दिले. धोरणातील हे वाक्य आईच्या हातच्या सुबक झाडाने पुरे होत नाही. ते झाड पाहून मुलाच्या मनात एकच गोष्ट ठसते : माझ्या हातचे चांगले नसते. चार वर्षांच्या वयात शिकलेली ही गोष्ट पुढे पुसणे फार कठीण जाते. पुढे या रस्त्यावरच्या शिकवणीवर्गांत बसलेले अठरा वर्षांचे मूल दुसऱ्याने सोडविलेली उत्तरे पाठ करते, तेव्हा त्या सवयीचा आरंभ कोठे झाला, हे आपण कधी तपासतो का?

७. समारोप

स्ट्रासबुर्गच्या घरातील कागदी गुलाबांपासून दिलसुखनगरच्या बालवाडीपर्यंतचा हा प्रवास चारशेहून अधिक वर्षांचा आहे. त्यात राजवाडे आले, बाजार आला, बंदी आली. एक पोरका जर्मन मुलगा, घर सोडून समुद्रापार गेलेली एक मराठी विदुषी आणि समुद्रकाठी अंगणात मुले गोळा करणाऱ्या दोन बायका आल्या. झाड प्रत्येक वेळी दुसऱ्या भूमीत लागले आणि तेथील मातीचे झाले. जेथे ते मुलाच्या हातून झाले, तेथे ते कधी परके राहिले नाही. जेथे ते विकत आले किंवा दुसऱ्याने करून दिले, तेथे ते स्वतःच्या सणाचे असूनही परकेच राहिले असते. आपल्या आकाशकंदिलाची आणि गणपतीच्या मखराचीही आज हीच कसोटी आहे.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांचे खरे स्मारक या पुस्तिकेत नाही. येत्या डिसेंबरात या शाळेच्या भिंतीवर एखादे वाकडे, खळीने डागाळलेले, शेंडा एका बाजूस कललेले हिरवे झाड लागेल आणि त्याखाली कोणी त्याला सरळ करण्याचा मोह आवरील, तर ते स्मारक झाले असे मी समजेन.